अळणी चिकन स्टर-फ्राय पाणचट, वातड आणि मिळमिळीत का होतं? क्रमाने काय तपासायचं

बाबांचं हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. आम्ही मूळचे कोल्हापूरचे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला रोज अळणी वरण-भात वाढणं किती जिवावर येतं, हे ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना सांगायला नको. रस्सा अळणी केला की खूपच फिका लागतो. म्हणून मी परतलेल्या चिकनकडे वळले: थोडं चिकन, भरपूर भाज्या, मोठी आंच आणि वीस मिनिटांत ताट. पहिले दोन महिने ते रोज बिघडायचं. नंतर जमलं, आणि तेव्हापासून मावशीच्या, आत्याच्या, बाबांच्या दोन मित्रांच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी हाच बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. अजूनही महिन्यातून एकदा तरी कोणाचा तरी फोटो येतो: कढईत तळाला पाणी, त्यात पांढरट चिकन, करडी पडलेली ढोबळी मिरची.

हे सगळं कमी मिठाच्या पथ्यासाठी आहे, म्हणजे ब्लड प्रेशर किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांसाठी. किडनीचं पथ्य वेगळं असतं, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. घरात किडनीचा रुग्ण असेल तर तो भाग आधी वाचा.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते आधी ओळखा. बहुतेक घरांत दोन-तीन लक्षणं एकत्र असतात.

कढईत पाणी सुटतं, चिकन परतलं न जाता त्यातच उकळतं. चरचर आवाज पहिल्या मिनिटातच बंद पडतो आणि बुडबुड सुरू होते.

चिकन वातड होतं. तुकडा दाताखाली रबरासारखा दबतो, किंवा उलट कोरडा, भुशासारखा लागतो.

भाज्या एक तर कच्च्या राहतात नाहीतर गिच्च होतात. बहुतेकदा एकाच ताटात दोन्ही: गाजर कडक, कोबी लगदा.

चव मिळमिळीत लागते. रुग्ण दोन घास खाऊन ताट सरकवतो, किंवा हळूच लोणच्याची बरणी मागतो.

आणि एक लक्षण ताटात दिसत नाही. पदार्थ छान होतो, सगळे चाटून-पुसून खातात, पण दुसऱ्या दिवशी बीपी चढलेलं असतं किंवा घोट्यांवर सूज असते. याचा अर्थ मीठ कुठल्या तरी बाटलीतून आत शिरलंय.

या सगळ्यात लोकांची चूक बहुधा एकच होते. पदार्थ मिळमिळीत झाला की त्यांना वाटतं मीठ कमी पडलं, आणि मग ‘थोडासाच’ सोया सॉस पडतो. पण मिळमिळीतपणाचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात असतं. कढईत पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. चिकन आणि भाज्यांना जो खरपूस रंग आणि वास येतो, तो साधारण १४० अंशांच्या पुढे. मीठ भरपूर असलेल्या पदार्थात हा खरपूसपणा नसला तरी चालून जातं. अळणी पदार्थाला मात्र तोच आधार असतो. म्हणून आधी पाणी बंद करायचं, मग आंबट-तिखट-वास बघायचा, आणि मिठाला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

१. मीठ कधी घालता?

या तपासणीला एक पैसाही लागत नाही. जे चिमूटभर मीठ घालायची परवानगी आहे, ते तुम्ही भाज्या कढईत टाकल्या टाकल्या घालत असाल तर तिथेच थांबा. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावून ठेवलं की वाटीत पाणी जमतं, तेच कढईत होतं.

मीठ गॅस बंद केल्यावर घाला. त्याचा दुसरा फायदा चवीत आहे. शेवटी घातलेलं मीठ तुकड्याच्या पृष्ठभागावर राहतं आणि जिभेला आधी लागतं. आधी घातलेलं आत मुरतं आणि तेवढंच मीठ कमी वाटतं. मी बारीक मीठ पाव छोटा चमचा मोजून वाटीत काढते आणि वरून दोन बोटांनी भुरभुरते. डब्यातून थेट चिमूट कधीच घेत नाही, कारण घाईतली चिमूट रोज वेगळी असते.

२. चिकन आणि भाज्या कोरड्या आहेत का?

आपल्याकडे चिकन धुतल्याशिवाय कोणी शिजवत नाही. धुवायचंच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन अलगद धुवा. नळाच्या धारेखाली धरलं की शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, आणि कच्च्या चिकनमधले जंतू तिथे पोचतात. शिजवल्यावर चिकनमधले जंतू मरतात, कोथिंबिरीवरचे मरत नाहीत.

धुतल्यावर चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. मग टिश्यू पेपरने किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेल्या स्वच्छ पंचाने प्रत्येक तुकडा टिपून घ्या. हे कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं हेच गाळलं जातं. आत्याकडे सगळं बरोबर चाललं होतं, फक्त चिकन चाळणीतून थेट कढईत जात होतं. टिपायला सुरुवात केली त्या दिवसापासून तिथला बिघाड थांबला.

भाज्या तर आदल्या रात्री किंवा निदान तासभर आधी धुऊन पंचावर पसरून ठेवा. कोबी, ढोबळी मिरची, मशरूम यांच्यात मुळातच नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. त्यात वरचं पाणी कशाला?

३. एका वेळी किती टाकता?

मला आलेल्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त इथेच सुटले आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

चायनीजच्या गाडीवर सगळं एकदम टाकतात आणि तरी पाणी सुटत नाही, हे आपण पाहिलेलं असतं. गाडीवरच्या शेगडीची आंच आपल्या गॅसच्या कितीतरी पट असते. तिथे सुटलेलं पाणी सुटता सुटता वाफ होऊन जातं. आपल्या घरी काय होतं त्याचा ढोबळ हिशेब बघा. घरच्या मोठ्या बर्नरची ताकद साधारण अडीच किलोवॅट असते. आंच मोठी असली की ज्वाळेतली बरीच उष्णता कढईच्या बाजूने वर निघून जाते. निम्मी आत शिरते असं धरलं, तर १०० मिलीलिटर उकळत्या पाण्याची वाफ करायला जवळजवळ तीन मिनिटं लागतात. २०० ग्रॅम कोबीत १८० ग्रॅमच्या वर पाणी असतं. ते सगळं सुटत नाही, पण निम्मं सुटलं तरी पुढची तीन मिनिटं तुमचा गॅस फक्त पाणी उडवत बसतो, आणि त्या तीन मिनिटांत चिकन उकडून वातड होतं.

उपाय सोपा आहे: थोडं थोडं करा. दोन माणसांसाठी मी २०० ग्रॅम चिकन आणि २५० ग्रॅम भाज्या घेते. चिकन दोन हप्त्यांत, भाज्या दोन हप्त्यांत. कढईच्या तळावर तुकड्यांचा एकच थर बसला पाहिजे आणि मधून मधून तळ दिसला पाहिजे. तुकडे एकमेकांवर चढले की खालच्याची वाफ वरच्याला शिजवते.

एकूण वेळ चार-पाच मिनिटांनी वाढतो. चार माणसांसाठी करायचं असेल तर दोनदा करा. कढई मोठी घेऊन काही होत नाही, कारण खालची आंच तेवढीच राहते.

आवाजाकडे कान ठेवा. चरचर चालू असेल तर सगळं ठीक. आवाज बसला की लगेच अर्धा माल ताटलीत काढा. कढई पुन्हा तापू द्या, मग तो परत घाला.

४. कढई खरंच तापली होती का?

लोखंडी किंवा बिडाची कढई असेल तर मोठ्या आंचेवर दोन-तीन मिनिटं कोरडीच तापवा, कडेने धुराची बारीक रेघ दिसेपर्यंत. स्टीलची असेल तर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब जागेवरच चुर्र करून उडाला तर अजून थांबा. मोत्यासारखा घरंगळायला लागला की तापली. थेंब पुसून घ्या आणि मगच तेल घाला.

नॉनस्टिक कढई मात्र रिकामी तापवू नका. फार तापली की तिचा लेप खराब होतो आणि त्यातून निघणारी वाफ घातक असते. या पदार्थासाठी नॉनस्टिक सोयीची नाही असं माझं स्पष्ट मत आहे. घरात आजीची जुनी लोखंडी कढई माळ्यावर पडली असेल तर ती काढा, घासा, तेल लावून तापवा. नवीन काही विकत घ्यायची गरज पडणार नाही.

तेल रिफाइंड घ्या. घाण्याचं शेंगदाण्याचं तेल मला भाजीत फार आवडतं, पण ते लवकर धुरावतं आणि कडवट होतं. दोन माणसांना दीड मोठा चमचा तेल पुरतं.

५. भाज्या कोणत्या क्रमाने पडतात?

गाजर आणि फरसबी आधी, मग ढोबळी मिरची आणि मशरूम, शेवटी कोबी, आणि कांद्याची पात तर गॅस बंद करताना. गाजर कागदासारखं पातळ चिरलं तर त्याला दोन मिनिटं लागतात, कोबीला चाळीस-पन्नास सेकंद. एकत्र टाकलं की कोणाचं तरी नुकसान होणारच. झाकण ठेवू नका, झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन परत आत पडते.

आलं-लसूण आणि मिरची मोठ्या आंचेत पहिल्यांदा टाकली की जळते. भाज्या बाजूला सारून मध्ये जागा करा, तिथे थेंबभर तेलात लसूण दहा-पंधरा सेकंद हलवा आणि मग मिसळा.

६. बाटल्या आणि पाकिटं वाचली का?

दुसऱ्या दिवशी सूज येत असेल तर तपास इथून सुरू करा. चष्मा लावून प्रत्येक बाटलीच्या मागच्या तक्त्यात ‘सोडियम’ शोधा.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे २००० मिलीग्रॅम सोडियम. एका सपाट छोट्या चमच्यात साधारण ६ ग्रॅम मीठ मावतं. म्हणजे एका चमच्यातच दिवसाची मर्यादा ओलांडली. रुग्णाला डॉक्टरांनी याहून वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा.

आता सोया सॉस. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीलिटरमध्ये, ९०० मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. दोन चमचे सॉस आणि वर अर्धा छोटा चमचा मीठ घातलं तर कढईत २९०० च्या वर सोडियम गेलं. दोघांत वाटलं तरी एकेकाच्या ताटात १४५०, तेही एका जेवणात. पाव छोटा चमचा मीठ आणि सॉस नाही, असं केलं तर एकेकाला मिठातून ३०० मिलीग्रॅमच्याही आत येतं. चिकनचं स्वतःचं सोडियम धरूनही आकडा चारशेच्या आत राहतो. बाबांच्या जेवणात सोया सॉसला जागा का नाही, ते या हिशेबावरून कळेल. ‘लो सोडियम’ सॉसमध्येही एका चमच्याला पाचशे-सहाशे मिलीग्रॅम निघू शकतं, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका.

ज्यांच्यावर कोणाचा संशय जात नाही अशा गोष्टी सांगते, कारण मला त्या एकेक करून सापडल्या. विकतची आलं-लसूण पेस्ट: तिच्यात मीठ असतं. आमचा लाडका कांदा-लसूण मसाला: कुटतानाच मीठ घालतात. कोकमाचं आगळ खारवलेलं असतं. चाट मसाल्यात काळं मीठ. शेजवान चटणी, चिली सॉस, टोमॅटो केचप, सूपच्या वड्या, सगळ्यांत मीठ. अजिनोमोटोमध्ये मिठाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश सोडियम असतं, तेही मोजायचं.

आणि एक गैरसमज फार घरांत आहे. सैंधव आणि काळं मीठ ‘पथ्याला चालतं’ असं मावशी ठामपणे सांगायची. सोडियमच्या बाबतीत तेही मीठच आहे. उपासाचं म्हणून ते हलकं होत नाही.

७. चिकन कसं चिरलंय?

वातड चिकनचं हे पहिलं कारण. चिकनच्या छातीच्या तुकड्याकडे नीट पाहिलं तर एका दिशेने जाणारे धागे दिसतात. सुरी त्या धाग्यांना आडवी चालली पाहिजे. धाग्यांच्या दिशेने चिरलं तर प्रत्येक तुकड्यात लांब दोर राहतात आणि ते दातांनी तोडावे लागतात. आडवं चिरलं की दोर आधीच तुटलेले असतात. ज्यांना कवळी आहे त्यांच्यासाठी हा फरक म्हणजे जेवता येणं आणि न येणं.

जाडी अर्धा सेंटीमीटर. मऊ मांस इतकं पातळ कापलं जात नाही, म्हणून तुकडा अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा. तो जरा घट्ट होतो, सुरी सरळ जाते.

दुकानात सांगायचं तर ‘बोनलेस’ एवढंच न म्हणता ‘मांडीचं बोनलेस’ मागा. मांडीचं मांस थोडं जास्त शिजलं तरी रसाळ राहतं. छातीचं मांस एक मिनिट जास्त झालं की कोरडं पडतं. डॉक्टरांनी चरबीही कमी करायला सांगितली असेल तर छातीचं घ्या आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा. मांडीचं घेतलंत तर सालं आणि दिसणारी चरबी काढून टाका.

८. लेप लावला का?

२०० ग्रॅम चिकनला दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर, अर्ध्या अंड्याचा पांढरा बलक, एक चमचा तेल आणि थोडी पांढऱ्या मिरीची पूड लावून पंधरा मिनिटं ठेवा. तापताना चिकनमधली प्रथिनं आकसतात आणि आतला रस पिळून बाहेर टाकतात. लेपाचा पातळ थर आधी घट्ट होतो आणि तो रस अडवतो. शिवाय तुकड्याला आंच थेट लागत नाही. अंडं चालत नसेल तर नुसतं कॉर्नफ्लोअर आणि तेलही पुरतं.

चिकन मऊ करायला बेकिंग सोडा लावायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती काम करते, पण आपल्या रुग्णासाठी करू नका. सोड्यातही सोडियमच आहे, अर्ध्या छोट्या चमच्यात ६०० मिलीग्रॅमच्या वर.

चिकन बाहेरून पांढरं-सोनेरी झालं की ताटलीत काढा. भाज्या झाल्या की परत कढईत घाला आणि दीड-दोन मिनिटं पूर्ण शिजवा. सगळ्यात जाड तुकडा कापून बघा, मध्ये गुलाबी दिसता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश. अर्धवट शिजलेलं ज्या ताटलीत काढलं होतं, तिच्यात तयार पदार्थ वाढू नका.

९. पाणी थांबलं, तरी चव नाही

आता चवीकडे वळायला हरकत नाही. इथवर सगळं नीट झालं असेल तर पदार्थ निम्मा सुधारलेला असतो. उरलेलं काम आंबट, तिखट आणि वास करतात.

आंबट सगळ्यात महत्त्वाचं. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर शेवटी एक छोटा चमचा. आंबटपणाने आहे तेवढं मीठ जास्त जाणवतं. मी आधी अर्धा चमचा घालते, चाखते, मग उरलेला.

मशरूममध्ये सोया सॉससारखा दाटपणा निसर्गतःच असतो. सुकी शिटाके मशरूम मिळाली तर दोन-तीन कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि ते तपकिरी पाणी दोन चमचे होईपर्यंत वेगळं आटवून घ्या. सॉसची उणीव यानेच सगळ्यात जास्त भरून निघते. साधी बटण मशरूम असतील तर ती आधी एकटीच कोरड्या कढईत परता, पाणी सुटून आटेपर्यंत, आणि तपकिरी झाल्यावर बाजूला ठेवा.

आणि तिरफळ. कोकणात बांगड्याच्या आमटीत टाकतात तेच. जिभेला झिणझिण्या आणणारी चिनी सिचुआन मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली झाडं आहेत, हे कळल्यावर मी ते परतलेल्या चिकनमध्ये घालून पाहिलं. चार-पाच तिरफळं घ्या, आतली काळी बी काढून टाका, वरची सालं जरा भाजून भरड कुटा आणि शेवटी भुरभुरा. तोंडात जी जाग येते तिने मिठाची आठवण कमी होते. बाबांनी पहिल्यांदा दुसऱ्यांदा वाढून घेतलं ते तिरफळ घातलं त्या दिवशी. मला ताट नीट दिसेना, म्हणून मी उठून आत गेले.

बाकी तुमच्या आवडीने: भाजलेले तीळ, अळणी शेंगदाण्याचं कूट, तेलात फुलवलेली संकेश्वरी मिरची, भरपूर ताजं आलं. साखर चालत असेल तर चिमूटभर.

एवढं करूनही पहिले काही आठवडे अळणीच लागेल. जीभ कमी मिठाला सरावते, पण वेळ घेते. बाबांना सुमारे दोन महिने लागले. तेवढे दिवस ताटाशेजारी लिंबाची फोड ठेवा आणि लोणच्याची बरणी टेबलावरून हलवा.

१०. माल आणि गॅस

वरचं सगळं करून पाणी सुटतच असेल तर चिकन बदलून बघा. काही गोठवलेल्या पाकिटांतल्या मांसात मिठाचं पाणी मुरवलेलं असतं. घटकांमध्ये पाणी, मीठ, फॉस्फेट लिहिलेलं दिसलं तर ते घेऊ नका. ते पाणी कढईत सुटणार आणि मीठ रुग्णाच्या पोटात जाणार. ओळखीच्या दुकानातून ताजं कापून घेतलेलं बरं. गोठवलेलं वापरायचंच असेल तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या आणि सुटलेलं पाणी टाकून द्या.

मग राहतो गॅस. ज्योत निळी हवी. पिवळी पडत असेल, भांड्याचं बूड काळं होत असेल किंवा बर्नरच्या अर्ध्याच भोकांतून ज्योत येत असेल तर आंच कमी पडते. गॅस बंद करा, बर्नर थंड झाल्यावर वरची चकती काढून गरम साबणाच्या पाण्यात भिजवा, भोकं ब्रशने साफ करा, पूर्ण वाळवून बसवा. घरी एवढंच करायचं. जेट, नळी किंवा रेग्युलेटर उघडू नका. साफ करूनही ज्योत पिवळी राहिली तर एजन्सीचा मेकॅनिक बोलवा. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं एकही बटण दाबू नका आणि बाहेर जाऊन १९०६ या गळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं

किडनीचा त्रास असेल तर हा पदार्थ आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नका. तिथे मिठाबरोबर पोटॅशियम, फॉस्फरस आणि प्रथिनं अशी तिन्ही मोजावी लागतात. चिकन किती खायचं हे डायलिसिस चालू आहे की नाही यावर बदलतं. भाज्या कधी कधी भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून मग वापरायला सांगतात. मशरूमचं आटवलेलं पाणी, टोमॅटो, पालक हे सगळं तिथे प्रश्नाचं होऊ शकतं. माझी कृती या रुग्णांसाठी नाही.

दुकानात ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून जे मिळतं त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी अशक्त असेल, किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधं चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बीपी आणि हृदयाच्या कितीतरी रुग्णांना नेमकी हीच औषधं असतात. माझ्या ओळखीच्या एका घरी चांगल्या हेतूने हे मीठ आणलं होतं. पुढच्या तपासणीत पोटॅशियम वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी ते मीठ त्याच दिवशी बंद करायला लावलं. डॉक्टरांना विचारूनच पाकीट उघडा.

स्वतःच्या मनाने मीठ पूर्ण बंद करू नका. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असलेल्या वयस्कर माणसाचं सोडियम घसरू शकतं. सुस्ती, बोलण्यात गोंधळ, तोल जाणं असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं, पाय सुजले, रात्री आडवं पडल्यावर दम लागतो म्हणून उशा वाढवाव्या लागल्या, तर शरीरात पाणी साठत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी कढई आणि बाटल्या तपासत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. बसल्या जागी दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

आणि बीपी किंवा सूज थोडी थोडी येतच राहिली, घरात मीठ कुठून जातंय ते सापडत नसेल, तर आहारतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना तीन दिवसांच्या खाण्याची वही न्या: सकाळचं बिस्कीट, औषधाबरोबरचा खाकरा, शेजारच्यांनी दिलेली वडी, सगळं प्रमाणासकट. डब्यांच्या मागच्या तक्त्यांचे फोटो फोनमध्ये ठेवा, आणि चालू असलेल्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घ्या. आमच्या वहीत मीठ सापडलं ते दुपारच्या चहाबरोबरच्या खारीत.